दोन भागांचं इपॉक्सी ॲडेसिव्ह बनवताना: आधी काय, नंतर काय आणि गाडी कुठे अडते

ॲडेसिव्ह डेव्हलप करायला बसलेले बरेच जण सुरुवातच मधून करतात. रेझिन आणलं, हार्डनर आणला, कपात कालवलं, दोन पट्ट्या चिकटवल्या, मशिनवर ओढल्या, आकडा कमी आला की फॉर्म्युला बदलला, परत तेच. शेवटी वहीत ढीगभर फॉर्म्युले जमतात आणि त्यातला कुठला कशामुळे बरा होता हे कुणालाच सांगता येत नाही. माझं मत सरळ आहे, बहुतेक वेळा दोष फॉर्म्युल्यात नसतोच, तो पृष्ठभागात असतो, काट्यावर असतो नाहीतर मिक्सिंगमध्ये असतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका.

उदाहरण म्हणून धातूला धातू चिकटवणारं, रूम टेंपरेचरला क्युअर होणारं (म्हणजे रिॲक्ट होऊन कडक होणारं), दोन भागांचं इपॉक्सी घेतलंय. भाग ए म्हणजे रेझिनची बाजू, भाग बी म्हणजे हार्डनरची. पॉलियुरेथेन किंवा ॲक्रिलिकवर काम करत असाल तर केमिस्ट्री बदलते, पण कामाचा क्रम जवळपास हाच राहतो.

## १. आधी कागद, मग कप

कामाला हात लावण्याआधी ज्याला हे ॲडेसिव्ह लागणार आहे त्याला बसवून प्रश्न विचारा. "चांगलं चिकटलं पाहिजे" हे काही स्पेसिफिकेशन नाही. विचारायचं ते असं:

- कुठल्या दोन वस्तू जोडायच्या आहेत, नक्की कुठला ग्रेड, वर कोटिंग आहे का, तेल लावून येतात का?
- लोड कसला येतो? शिअर (पत्रे एकमेकांवरून सरकवणारा), पील (कडेपासून सोलणारा), धक्का, की सतत लटकणारं वजन?
- सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान किती, आणि किती वेळ?
- पाणी, मीठ, तेल, डिझेल, क्लीनर यातलं काय लागतं?
- गॅप किती आहे?
- लावल्यापासून जोडेपर्यंत माणसाला किती मिनिटं मिळतात आणि जोडल्यावर किती वेळात पार्ट हलवायचा असतो?
- हाताने कालवणार, दोन नळ्यांच्या कार्ट्रिजमधून की मीटरिंग मशिनने?

शेवटच्या दोन प्रश्नांकडे कुणी लक्ष देत नाही आणि प्रोजेक्ट तिथेच आपटतो. लॅबमध्ये मस्त चालणारं, दहा मिनिटांत घट्ट होणारं ॲडेसिव्ह लाइनवर कुचकामी ठरतं कारण तिथे पार्ट जोडायलाच वीस मिनिटं लागतात.

तपासा: तापमान आणि पॉट लाइफ (कालवल्यावर माल वापरता येतो तो वेळ) यांचे आकडे लिहून, समोरच्याची सही घेऊन ठेवलेत का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. टेस्ट आधी ठरवा, फॉर्म्युला नंतर

कमीत कमी तीन टेस्ट हव्यात. लॅप शिअर (एकावर एक चिकटवलेल्या दोन पट्ट्या ओढून तोडणं), कसली तरी पील टेस्ट, आणि पाण्यात किंवा दमट गरम हवेत ठेवून परत लॅप शिअर. लॅप शिअरसाठी एएसटीएम डी १००२ किंवा आयएसओ ४५८७ वापरतात. आयएसओमध्ये पट्टी २५ मिलिमीटर रुंद आणि ओव्हरलॅप १२.५ मिलिमीटर, म्हणजे चिकटलेला भाग ३१२.५ चौरस मिलिमीटर. ६२५० न्यूटनला तुटलं तर २० मेगापास्कल, एवढाच हिशोब आहे. पीलसाठी पातळ पत्र्यांची टी-पील, एएसटीएम डी १८७६.

नुसत्या लॅप शिअरवर भागवू नका. कडक, ठिसूळ ॲडेसिव्ह लॅप शिअरला छान आकडा देतं आणि पीलला काचेसारखं फुटतं.

अजून एक, बाजारात चालणारं आणि त्या कामाला साधारण जमणारं एक तयार ॲडेसिव्ह कंट्रोल म्हणून घ्या आणि प्रत्येक वेळी आपल्या नमुन्यांसोबत त्याचेही पॅनल (चिकटवलेल्या पट्ट्यांच्या जोड्या) बनवा. एखाद्या दिवशी कंट्रोलचाच आकडा पडला तर समजायचं की त्या दिवशी पत्रे नीट साफ झाले नव्हते, आपल्या फॉर्म्युल्याचा दोष नाही. ही एक सवय भरपूर फुकटची धावपळ वाचवते.

## ३. कच्चा माल: ड्रमवरच्या लेबलवर भागवू नका

साधं बिस्फेनॉल-ए लिक्विड रेझिन घेतलं तर त्याचं इपॉक्सी इक्विव्हॅलंट वेट, म्हणजे ईईडब्ल्यू (एका इपॉक्सी गटामागचं वजन), साधारण १८२ ते १९२ असतं आणि २५ अंशांना व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ११,००० ते १४,००० सेंटिपॉइजच्या आसपास. ग्रेड बदलला की दोन्ही बदलतात, म्हणून प्रत्येक लॉटचं सर्टिफिकेट बघा आणि जमत असेल तर टायट्रेशन स्वतः करा.

हार्डनर निवडताना फक्त स्पीड बघू नका:

- टेटा (ट्रायइथिलीनटेट्रामाइन) सारखे छोटे अमाइन फास्ट, स्वस्त, पण फार कमी लागतात म्हणून मापात चूक झाली की मोठा फटका.
- आयपीडीए (आयसोफोरोन डायअमाइन) ने टेंपरेचर रेझिस्टन्स चांगला मिळतो पण नुसत्या रूम टेंपरेचरला ठेवलं तर क्युअर अर्धवट राहून माल ठिसूळ राहतो.
- पॉलिइथरअमाइन लवचीकपणा देतात, स्लो असतात, गरमीत मऊ पडतात.
- पॉलिअमाइड मापातली थोडी चूक सहन करतात आणि पृष्ठभागालाही बऱ्यापैकी माफ करतात, पण घट्ट असतात आणि उष्णतेला कमी पडतात.

बाकी सामान: व्हिस्कॉसिटी कमी करायला रिॲक्टिव्ह डायल्युअंट, ठिसूळपणा घालवायला सीटीबीएन रबर (रेझिनशी रिॲक्ट होऊ शकणारं द्रव रबर) किंवा कोअर-शेल रबर, ओघळू नये म्हणून फ्यूम्ड सिलिका (अतिशय बारीक सिलिका पावडर), फिलर (भरीची पावडर), आणि धातूला पाण्यातही धरून ठेवावं म्हणून सिलेन. इपॉक्सी सिलेन भाग ए मध्ये, अमिनो सिलेन भाग बी मध्ये, उलट केलं तर डब्यातच रिॲक्शन सुरू होते.

रेझिन ड्रममध्ये पांढरट, दाणेदार दिसलं तर घाबरू नका, फेकूही नका. थंडीत लिक्विड इपॉक्सीत क्रिस्टल होतात. ५० ते ६० अंशांना पूर्ण पारदर्शक होईपर्यंत गरम करा, हलवा, मग वापरा. अर्धवट वितळवून वरचं वरचं ओतून घेतलं तर उरलेले क्रिस्टल परत बाकीच्या मालाला खडे आणतात.

सावधान: फिलर १०५ ते ११० अंशांना वाळवून, बंद डब्यात थंड करून मगच वापरा. ओला फिलर म्हणजे बुडबुडे, आणि सिलेन टाकलं असेल तर तेही तिथेच वाया.

सावधान: इपॉक्सी रेझिनची त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की सहसा जात नाही, अमाइन तर त्वचा भाजतात. नायट्राइलचे ग्लोव्ह घाला, साधे लेटेक्सचे पुरत नाहीत. हाताला लागलं तर साबण-पाणी, ॲसिटोनने कधीच नाही, सॉल्व्हंट ते आत पोचवायलाच मदत करतं. फ्यूम्ड सिलिका उडते, मास्क लावा.

## ४. हिशोब: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

पॉलिएस्टरवर काम केलेले लोक एक सवय घेऊन येतात, लवकर व्हायला हवं तर हार्डनर जास्त टाका. पॉलिएस्टरमध्ये एमईकेपी (एक पेरॉक्साइड) हा नुसता सुरुवात करून देणारा असतो, एक-दीड टक्का टाकतात आणि कमी-जास्त करून स्पीड बदलता येतो. इपॉक्सीत अमाइन हार्डनर हा तयार होणाऱ्या जाळ्याचा भागच असतो. जास्त टाकला तर उरलेला मोकळा अमाइन आत राहतो, माल मऊ पडतो, पाणी ओढतो. कमी टाकला तर रेझिन उरतं. स्पीड हवा तर हार्डनर बदला किंवा ॲक्सलरेटर टाका, प्रमाणाला हात लावू नका.

प्रमाण काढायचं सूत्र: १०० भाग रेझिनला लागणारा हार्डनर म्हणजे हार्डनरचं एएचईडब्ल्यू गुणिले १००, भागिले रेझिनचं ईईडब्ल्यू. एएचईडब्ल्यू म्हणजे एका ॲक्टिव्ह हायड्रोजनमागचं वजन. आयपीडीएचं मॉलिक्युलर वेट १७०.३, ॲक्टिव्ह हायड्रोजन ४, म्हणून ४२.६. टेटाचं १४६ आणि ६, म्हणून २४.४.

नुसतं रेझिन असेल तर हे सोपं आहे. घोळ होतो डायल्युअंट आणि फिलर आल्यावर. समजा भाग ए असा आहे:

- रेझिन ८५ भाग, ईईडब्ल्यू १९०. ८५ ÷ १९० = ०.४४७
- डायल्युअंट १५ भाग, ईईडब्ल्यू १५०. १५ ÷ १५० = ०.१००
- कॅल्शियम कार्बोनेट ६० भाग, त्याला इपॉक्सी नाहीच, म्हणून शून्य

बेरीज ०.५४७. एकूण वजन १६०. आता १६० ÷ ०.५४७ = साधारण २९२, हे झालं तुमच्या भाग ए चं खरं ईईडब्ल्यू. त्यावर आयपीडीए किती? ४२.६ × १०० ÷ २९२ = १४.६ ग्रॅम, दर १०० ग्रॅम भाग ए ला.

फिलर धरायचा विसरलात तर ईईडब्ल्यू १८३ येतं आणि हार्डनर २३.३ ग्रॅम, म्हणजे जवळपास ६० टक्के जास्त! आणि गंमत म्हणजे माल तरीही कडक झाल्यासारखा वाटतो, नखाने दाबून काही कळत नाही, कळतं ते गरम केल्यावर किंवा पाण्यात ठेवल्यावर.

रबरही धरायला विसरू नका. सीटीबीएन आधीच रेझिनशी रिॲक्ट करून आणलेलं असेल तर त्या ॲडक्टचं स्वतःचं ईईडब्ल्यू असतं, सप्लायरकडून मागा. स्वतः कच्चं सीटीबीएन नुसतं कालवून टाकलं तर ते अमाइनशी मीठ बनवतं आणि रबर धड रेझिनला बांधलं जात नाही, ते आधी रेझिनसोबत कॅटॅलिस्ट टाकून गरम करून बांधून घ्यावं लागतं.

तपासा: दुसऱ्या माणसाला फक्त कच्च्या मालाची यादी द्या आणि प्रमाण नव्याने काढायला सांगा, तुमचा कागद दाखवू नका. दोघांचा आकडा जुळला तरच काट्याकडे जा.

## ५. वजनाचं प्रमाण आणि व्हॉल्यूमचं प्रमाण

कार्ट्रिज व्हॉल्यूमने माल ढकलतं, वजनाने नाही. वरच्या उदाहरणात भाग ए ची डेन्सिटी साधारण १.४६ येते, आयपीडीएची ०.९२. म्हणजे १०० ग्रॅम भाग ए चे ६८.५ मिलिलिटर, १४.६ ग्रॅम हार्डनरचे १५.९ मिलिलिटर. प्रमाण ४.३ ला १. असं कार्ट्रिज तयार मिळत नाही, मिळतं १:१, २:१, ४:१, १०:१ वगैरे.

४:१ मध्ये बसवायचं तर भाग बी ६८.५ चा चौथा हिस्सा म्हणजे १७.१ मिलिलिटर व्हायला हवा, सव्वा मिलिलिटरभर कमी पडतो. ती जागा रिॲक्ट न होणाऱ्या मालाने भरायची, इथे साधारण साडेतीन ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पुरतं. पण आयपीडीए पाण्यासारखं पातळ आहे, फिलर खाली बसणारच, म्हणून भाग बी लाही फ्यूम्ड सिलिकाने थोडं दाट करावं लागतं. तसंही एक भाग पेस्ट आणि दुसरा पाणी असला की स्टॅटिक नोझलमध्ये (दोन्ही भाग आतून जाताना कालवणाऱ्या टोकात) नीट कालवलं जात नाही, दोन्हींची व्हिस्कॉसिटी जितकी जवळ तितकं बरं.

म्हणून सांगतो, कार्ट्रिज वापरायचं ठरलं असेल तर व्हॉल्यूमचं प्रमाण पहिल्या दिवशी ठरवा आणि फॉर्म्युला त्याच्याभोवती बांधा. शेवटी बसवायला गेलात की सगळ्या टेस्ट नव्याने.

## ६. भाग ए बनवण्याचा क्रम

1. रेझिन ४० ते ५० अंशांना गरम करून घ्या, त्यात रबर ॲडक्ट आणि डायल्युअंट घालून एकजीव करा.
2. फ्यूम्ड सिलिका थोडी थोडी टाका, आधी हळू फिरवून भिजवा, मग हाय स्पीड डिस्परसर ब्लेडने जोरात फिरवा. कमी शिअरमध्ये कालवली तर गुठळ्या राहतात आणि दाटपणा येतच नाही, मग लोक अजून सिलिका टाकत बसतात. साधारण २ ते ६ टक्क्यांत काम व्हायला हवं.
3. वाळवलेला फिलर.
4. बाँडलाइन (दोन पत्र्यांमधल्या मालाची जाडी) ठरवून ठेवायची असेल तर काचेचे बारीक मणी, ०.१ ते ०.२५ मिलिमीटर. हे हाय स्पीडमध्ये नाही, हळू फिरवून, नाहीतर फुटतात.
5. व्हॅक्यूम. माल फेसाळून कितीतरी वर येतो, म्हणून भांडं एक तृतीयांशच्या वर भरू नका.
6. थंड झाल्यावर, व्हॅक्यूम झाल्यावर सिलेन, अर्धा ते दोन टक्के. व्हॅक्यूमच्या आधी आणि गरम असताना टाकलं तर काही भाग पंपात जातो.

भाग बी साठी क्रम असाच, फक्त अमाइन गरम करून खोल व्हॅक्यूम लावू नका, अमाइनच उडतो आणि प्रमाण बिघडतं. सिलिका हायड्रोफोबिक ग्रेडची घ्या, साध्या सिलिकाचा दाटपणा अमाइनमध्ये ठेवून ठेवून उतरतो. आणि झाकण उघडं ठेवू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा अमाइन खाऊन टाकतो, वर पांढरट साय दिसली की समजा.

तपासा: एक दिवस ठेवून मगच व्हिस्कॉसिटी बघा. ग्राइंड गेजवर (कण किती बारीक आहेत ते बघायच्या पट्टीवर) गुठळी दिसली तर परत डिस्परसरखाली.

## ७. पृष्ठभाग

फॉर्म्युलावाल्यांना हे काम खालच्या दर्जाचं वाटतं, हेल्परला सांगतात. आणि मग सहा आठवडे सिलेनचं प्रमाण बदलत बसतात. पत्रे स्वतः साफ करा, निदान सुरुवातीला तरी.

क्रम बदलायचा नाही: आधी डिग्रीस (तेल काढणं), मग घासणं, मग परत डिग्रीस. तेलकट पत्रा आधी घासला तर एमरी पेपर ते तेल धातूच्या ओरखड्यांत दाबून बसवतो आणि नंतर कितीही पुसलं तरी निघत नाही.

डिग्रीससाठी ॲसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), स्वच्छ पांढरं कापड किंवा टिश्यू, एकाच दिशेने पुसायचं आणि प्रत्येक वेळी नवीन बाजू. सॉल्व्हंटच्या भांड्यात कापड बुडवायचं नाही, बाटलीतून कापडावर ओतायचं, नाहीतर पहिल्या पत्र्याचं तेल विसाव्या पत्र्याला लागतं. घासायला ग्रिट ब्लास्ट सगळ्यात चांगलं, नसेल तर मध्यम एमरी, आडवं-उभं. ब्लास्टच्या एअर लाइनमध्ये तेल-पाण्याचा फिल्टर आहे का बघा, कॉम्प्रेसरचं तेल साफ केलेल्या पत्र्यावर उडवणं हा नेहमीचा घोटाळा आहे.

घासल्यावर लगेच चिकटवा, काही तासांच्या आत. ॲल्युमिनियमला पाण्यात टिकायला हवं असेल तर नुसतं घासून भागत नाही, एचिंग, अ‍ॅनोडायझिंग किंवा प्रायमर लागतो.

पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लास्टिक असेल तर गोष्टच वेगळी. त्यांची सरफेस एनर्जी ३० डाइनच्या आसपास, इपॉक्सीची त्याहून बरीच वर, म्हणजे ॲडेसिव्ह पसरणारच नाही. फ्लेम, प्लाझ्मा किंवा कोरोना केल्याशिवाय फॉर्म्युल्याशी खेळण्यात अर्थ नाही.

तपासा: साफ पत्र्यावर डिस्टिल्ड वॉटर ओता. सलग पातळ थर राहिला तर ठीक. थेंब थेंब होऊन फाटला तर परत पहिल्यापासून. मग पत्रा पूर्ण वाळवा.

सावधान: जवळपास कुणी सिलिकॉन स्प्रे, मोल्ड रिलीज किंवा सिलिकॉनवाली हँड क्रीम वापरत असेल तर ते आधी बाहेर काढा. साफ झालेल्या पत्र्याला उघडं बोट लावायचं नाही.

## ८. कालवणं आणि जोडणं

काटा किती बारीक हवा ते हार्डनरवरून ठरवा. १० ग्रॅम भाग ए ला १.४६ ग्रॅम हार्डनर लागतो, काटा ०.१ ग्रॅमचा असेल तर तिथेच सात टक्क्यांची चूक. एकतर ०.०१ चा काटा घ्या नाहीतर बॅच मोठी करा. चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवायची, छोट्या अमाइनला त्याहून कमी.

कालवताना कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहा, मग तो माल दुसऱ्या स्वच्छ कपात काढून परत कालवा. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं न कालवलेलं रेझिन खरवडून शेवटच्या पॅनलवर लावणं, हे पाचव्या पॅनलचा आकडा नेहमी कमी येण्याचं एक कारण असतं. कार्ट्रिज असेल तर नोझल लावायच्या आधी थोडा माल बाहेर ढकलून दोन्ही बाजू एकसारख्या येतायत ते बघा, नोझल लावल्यावर पहिली धार फेकून द्या.

पॉट लाइफ मोजताना वस्तुमान आणि तापमान दोन्ही लिहा. १०० ग्रॅम कपात जे वीस मिनिटांत तापून घट्ट होतं तेच पातळ थरात बराच वेळ ओलं राहतं, कारण पत्रा उष्णता ओढून घेतो. तापमान १० अंशांनी वाढलं की रिॲक्शन ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, म्हणून लॅबमधली २३ अंशांची पॉट लाइफ ३८ अंशांच्या शेडमध्ये सांगू नका.

सावधान: उरलेला माल कपात साठवून ठेवू नका. फिलर नसलेल्या इपॉक्सी-अमाइनची उष्णता बाहेर जायला वाट नसली तर हिशोबाने तापमान २०० अंशांहून जास्त चढू शकतं, कप वितळतो, धूर निघतो. पातळ पसरून टाका.

दोन्ही पत्र्यांना माल लावा, जोडा, थोडा दाब द्या, हलू देऊ नका. क्लॅम्प आवळून सगळा माल बाहेर काढायचा नाही, मणी टाकलेत ते त्यासाठीच. बाहेर आलेली कड सगळ्या पॅनलवर सारखीच ठेवा किंवा सारखीच काढा, तिच्यानेही आकडा हलतो.

## ९. क्युअर: कडक झालं म्हणजे झालं नाही

रूम टेंपरेचरला क्युअर होताना माल जसजसा कडक होतो तसतशी रिॲक्शन मंदावते, कारण मॉलिक्यूलना हलायला जागा उरत नाही. टीजी (ज्या तापमानाला कडक माल मऊ पडायला लागतो ते) क्युअरच्या तापमानाच्या थोडाच वर जाऊन अडकतो. म्हणजे २५ अंशांना क्युअर केलेलं ॲडेसिव्ह १०० अंशांना टिकेल ही अपेक्षा करू नका, हार्डनरच्या कागदावर टीजी १५० लिहिलेला असला तरी तो पोस्ट क्युअर (नंतर गरम करून क्युअर पूर्ण करणं) केल्यावरचा आहे. पोस्ट क्युअर पायऱ्या-पायऱ्यांनी चढवा, उदाहरणार्थ आधी ६०, मग ८०, मग त्यावर.

ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना जोडून गरम करणार असाल तर ध्यानात ठेवा, ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं, थंड होताना तो ताण बाँडलाइनवर येतो.

तपासा: डीएससीवर (नमुना तापवून उष्णता मोजणाऱ्या मशिनवर) पहिल्या रनमध्ये उरलेला एक्झोथर्म (रिॲक्शनची बाहेर पडणारी उष्णता) दिसला तर क्युअर अपुरा. पहिल्या आणि दुसऱ्या रनच्या टीजीत मोठा फरक असेल तरी तेच. डीएससी नसेल तर अर्धे पॅनल पोस्ट क्युअर करून तुलना करा, आकडे फार वेगळे आले तर उत्तर मिळालं.

## १०. तोडा, पण आकड्याच्या आधी तुटलेला चेहरा बघा

एका फॉर्म्युल्याचे किमान पाच पॅनल. प्रत्येक तुटलेल्या जोडीचा फोटो, दोन्ही बाजूंचा.

- दोन्ही पत्र्यांवर ॲडेसिव्ह आहे: कोहेसिव्ह फेल्युअर. पृष्ठभाग ठीक, आता फॉर्म्युल्यावर काम करायला हरकत नाही.
- एक पत्रा चकचकीत कोरा: ॲडेसिव्ह फेल्युअर. फॉर्म्युल्याला हात लावू नका, पायरी ७ वर परत जा. साफसफाई नक्की झालीये याची खात्री पटल्यावरच सिलेन, प्रायमरचा विचार.
- आत बुडबुडे, पोकळ्या: व्हॅक्यूम, ओला फिलर, किंवा जोडताना अडकलेली हवा.
- मऊ, चिकट पट्टे किंवा रंगाच्या रेघा: कालवलंच नाही नीट.
- एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ: जिग वाकडा.
- पत्राच वाकला: मग तो आकडा ॲडेसिव्हचा राहिलाच नाही, जाड पत्रा घ्या, कंट्रोलसकट.

आकडा १८ आणि पूर्ण कोहेसिव्ह, विरुद्ध आकडा २२ आणि अर्धा पत्रा कोरा, यात मी पहिला निवडेन. दुसऱ्याचा आकडा आज आहे, पाण्यात महिनाभर ठेवल्यावर कुठे जाईल भरवसा नाही.

फॉर्म्युला बदलायचा झालाच तर एका वेळी एकच गोष्ट. रबर वाढवलं आणि हार्डनरही बदलला, पील सुधारली, कशामुळे? आता दोन नवीन बॅच करूनच कळणार. जास्त घटक एकदम तपासायचे असतील तर डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट नीट मांडून करा, अंदाजपंचे नाही.

## ११. एजिंग

हे शेवटी करायचं म्हणून ठेवतात आणि वेळ संपतो. पहिला बरा फॉर्म्युला मिळाला त्याच दिवशी पॅनल आत टाका. ८५ अंश आणि ८५ टक्के दमटपणा, १००० तासांपर्यंत, मधे २५० आणि ५०० तासांना काढून तोडा. समुद्राकडचा वापर असेल तर सॉल्ट स्प्रे. धातूच्या पृष्ठभागाचा खरा निकाल वेज टेस्टमध्ये लवकर दिसतो, दोन पट्ट्यांमध्ये पाचर ठोकून दमट ठिकाणी ठेवायचं आणि भेग किती सरकते ते मोजायचं.

चेंबरमधून काढल्यावर काही पॅनल ओलेच तोडा, काही वाळवून. वाळवल्यावर ताकद परत आली तर पाण्याने ॲडेसिव्ह नुसतं मऊ केलं होतं. नाही आली तर इंटरफेस गेलाय किंवा धातू गंजलाय.

सोबत दोन्ही भागांचे बंद डबे ४० अंशांना ठेवा आणि दर आठवड्याला बघा, खाली फिलर बसतोय का, व्हिस्कॉसिटी चढतेय का.

## १२. मोठ्या बॅचला जाताना

एका किलोवरून थेट २०० किलोवर उडी मारू नका, मधे एक १० ते २० किलोची बॅच करा. मोठ्या भांड्यात डिस्परसरने माल जास्त तापतो आणि थंड व्हायला कितीतरी वेळ घेतो, मग "थंड झाल्यावर सिलेन" ही ओळ ऑपरेटर घाईत गाळतो. म्हणून बॅच कार्डवर "थंड झाल्यावर" नका लिहू, तापमानाचा आकडा लिहा. तसंच "नीट मिसळेपर्यंत" ऐवजी ब्लेडचा व्यास, आरपीएम आणि मिनिटं. आरपीएम लॅबचा तसाच उचलून टाकू नका, ब्लेड मोठी झाली की टोकाचा वेग बदलतो, तो जुळवायचा असतो.

प्रत्येक बॅचला हे बघितल्याशिवाय माल बाहेर सोडू नका:

- भाग ए: ईईडब्ल्यू, व्हिस्कॉसिटी, डेन्सिटी
- भाग बी: अमाइन व्हॅल्यू (अमाइन किती आहे त्याचा आकडा), व्हिस्कॉसिटी, डेन्सिटी
- दोन्ही मिळून: ठरलेल्या वजनाला आणि तापमानाला जेल टाइम (माल घट्ट व्हायला लागणारा वेळ), आणि लॅप शिअर, फेल्युअरच्या प्रकारासकट

डेन्सिटी पाच मिनिटांत होते आणि फिलरचं एक पोतं कमी-जास्त पडलं तर पहिल्यांदा तिथेच दिसतं, टायट्रेशनची वाट बघावी लागत नाही. दोन्ही भागांचा नमुना लेबल लावून, शेल्फ लाइफ संपेपर्यंत जपून ठेवा, कारण कस्टमरकडून तक्रार येते तेव्हा त्याच्याकडचा डबा उघडून किती दिवस पडला होता हे कुणी सांगत नाही.